बोनेटवरचा टिळा : जुन्या मोटारींची बोधचिन्हे आणि त्यांतले पाठभेद

– द्वितीय वर्ष, कला

घोड्याची पारख करणारा माणूस आधी त्याचे पाय पाहतो, साज नंतर. मोटारीच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. रस्त्यावरून एखादी जुनी गाडी गेली की तिचे इंजिन किती ताकदीचे, याकडे कोणाचे लक्ष नसते. नजर जाते ती बोनेटवरच्या बिल्ल्याकडे, दारांवरून धावणाऱ्या चकचकीत पट्टीकडे आणि डिकीवर वळणदार अक्षरांत ओतलेल्या नावाकडे. बिल्ला आणि नाव यांना या लेखात आपण 'बोधचिन्ह' म्हणू आणि पट्ट्या, पुढची जाळी, चाकांच्या टोप्या यांना 'साज' म्हणू.

जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींमध्ये या साजावरून मोठे वाद होतात. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या, एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या कराव्यात आणि दोघींच्या कपाळावरचा टिळा वेगळा निघावा, असे पुष्कळदा घडते. मग प्रश्न पडतो, यांतली अस्सल कोणती? दुसरीला कोणी नंतर फसवून सजवले काय? वाचकहो, प्रश्न वरवर शौकिनांचा वाटतो. श्रीमंतांच्या छंदाशी आपल्याला काय करायचे, असेही कोणी म्हणेल. पण 'मूळ' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे, आणि तो शिकायला मोटारीचा बिल्ला हे फार चांगले पाठ्यपुस्तक आहे.

साज कशाचा असतो?

आधी साहित्याची ओळख करून घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभीचे बिल्ले बहुधा पितळेचे किंवा तांब्याचे असत आणि त्यांत रंगीत काच भाजून भरलेली असे. म्हणजे आपल्याकडच्या दागिन्यांवर असते तसे मीनाकामच. असा बिल्ला ऊनपावसात वर्षानुवर्षे फिका पडत नाही. मात्र दगड लागला तर त्याचा टवका उडतो. पुढे जस्ताच्या मिश्रधातूचा रस साच्यात दाबून बिल्ले आणि अक्षरे काढण्याची रीत आली. ती स्वस्त होती आणि एका साच्यातून हजारो नग निघत. अशा नगावर मुलामा चढवला की तो चांदीसारखा दिसे. पण मुलामा फुटला की आतले जस्त फुगते आणि देवीच्या व्रणांसारखे फोड दिसू लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बिल्ल्यांत पारदर्शक प्लॅस्टिक आले. त्याला मागच्या बाजूने रंग देत, त्यामुळे पुढून ते काचेसारखे खोल दिसे.

मुलाम्याचाही स्वतंत्र इतिहास आहे. माझे वडील मुलाम्याच्या कारखान्यात बफिंगच्या कामावर होते, त्यामुळे ही गोष्ट घरात कानावर पडलेली आहे. ज्याला आपण क्रोम म्हणतो, त्यात क्रोमचा थर नावापुरताच असतो. खाली तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमची अतिशय पातळ साय. गंजापासून खरे रक्षण निकेल करते, क्रोम फक्त त्याला काळवंडू देत नाही. मोटारींवर क्रोम सर्रास आले ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेलवरच काम भागत असे. निकेलची चमक किंचित पिवळसर, ऊबदार असते. क्रोमची निळसर आणि थंड. म्हणून १९२० सालच्या गाडीवर निळसर चमक दिसली, तर तो साज नंतर चढवलेला आहे असे जाणकार लांबूनच सांगतो.

फरक का पडतो?

बोधचिन्हांतल्या फरकांची पहिली आणि सर्वांत सोपी तऱ्हा म्हणजे मुद्दाम केलेला फरक. पोलिसांच्या खांद्यावरच्या फितीप्रमाणे गाडीचा दर्जा साजावरून कळावा, अशी योजना असे. अमेरिकेतल्या शेव्हरोले गाड्यांचे उदाहरण घेऊ. १९५५ साली या गाड्यांना आठ सिलिंडरांचे नवे इंजिन मिळू लागले. ज्या गाडीत ते असे, तिच्या मागच्या दिव्यांखाली इंग्रजी 'व्ही' अक्षराची खूण लावलेली असे. १९५६ साली हाच 'व्ही' मोठा होऊन बोनेटवर आणि डिकीवर आला. १९५७ साली त्यात आणखी एक भेद पडला : 'बेल एअर' या वरच्या दर्जाच्या गाडीवर तो सोनेरी, आणि खालच्या दर्जाच्या गाड्यांवर रुपेरी. तीन वर्षांत एकाच अक्षराच्या जागा, आकार आणि रंग बदलले. साहजिकच सहा सिलिंडरांच्या गाडीला पुढे कोणीतरी 'व्ही' चिकटवून तिचा भाव वाढवण्याचे प्रकारही झाले. बिल्ला खोटे बोलू शकतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण टंचाईचे. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. क्रोम आणि निकेल हे धातू शस्त्रास्त्रांसाठी हवे होते, म्हणून १९४२ च्या आरंभी गाड्यांवरच्या चकचकीत साजाला सरकारने बंदी घातली. बंपर तेवढे वगळले. त्या काही आठवड्यांत कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या जाळ्या, पट्ट्या, बिल्ले हे सारे नुसते रंगवलेले होते. फेब्रुवारीत तर नागरिकांसाठी गाड्या बनवणेच थांबले. अशा गाड्या मुळातच थोड्या. त्यांतल्या काही पुढे हौशी लोकांच्या हाती पडल्या आणि 'बिचारीचा मुलामा कोणीतरी काढला' असे समजून त्यांनी रंगवलेल्या जाळ्यांवर क्रोम चढवले. गाडी सुंदर झाली. पण युद्धाची जी खूण तिच्या अंगावर होती, ती पुसली गेली. १९४२ सालचे सरकारी हुकूम कागदावर वाचता येतात. त्यांचा घाव ज्या वस्तूवर उमटला होता, ती वस्तू मात्र मुकी झाली.

तिसरे कारण कारखान्याच्या रोजच्या कामाचे. कारखाना म्हणजे पंचांग नव्हे, की पाडव्याला जुने संपले आणि नवे लागले. कोठारात जुने बिल्ले शिल्लक असतील तर ते आधी संपवले जातात. एक पुरवठादार वेळेवर माल देऊ शकला नाही तर दुसऱ्याकडून आणतात. त्याच्या साच्यात अक्षराची शेपटी थोडी लांब निघते. साचा झिजला की नवा कोरतात. त्यामुळे वर्षाच्या सीमेवरच्या गाड्यांमध्ये जुन्या-नव्याची सरमिसळ हमखास सापडते. पुस्तकात लिहिलेले असते की 'या सालापासून बिल्ला बदलला'. कामगाराच्या हाताला मात्र पेटीत जो मिळाला, तोच त्याने लावला.

कुर्ल्याची गोष्ट

चौथे कारण आपल्या अगदी जवळचे आहे. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांची जुळणी तेथे होऊ लागली. आता गंमत पाहा. या तीन नावांच्या गाड्यांचे अंग पुष्कळदा एकच असे. प्लिमथच्या अंगाला डॉजची जाळी आणि बिल्ला लावला की ती 'डॉज किंग्जवे' होई, आणि डिसोटोचा साज चढवला की 'डिसोटो डिप्लोमॅट'. प्लिमथचे चिन्ह शिडाचे जहाज, डॉजचे चिन्ह एडका. जहाज काढून एडका बसवला की गाडीचे गोत्र बदलले! परदेशी बाजारांसाठी क्रायस्लरने ही युक्ती योजली होती. त्यामुळे अमेरिकेतले पुस्तक हातात घेऊन एखाद्याने अशी गाडी तपासली, तर त्याला वाटेल की प्लिमथवर कोणीतरी डॉजचा बिल्ला डकवला आहे. वस्तुतः ती जन्मतःच तशी आहे.

गाड्यांची नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना १९५३ नंतरच्या सरकारी धोरणात येथे जागा उरली नाही. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली सुरू केलेली जुळणी त्याच सुमारास बंद पडली. जे कारखाने राहिले त्यांना सुटे भाग हळूहळू देशातच बनवायचे होते. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला होता. 'फियाट' हे नाव म्हणजे तुरीन गावच्या इटालियन मोटार कारखान्याच्या नावातली आद्याक्षरे. तिची ११०० ही गाडी १९५३ साली इटलीत निघाली आणि पाठोपाठ कुर्ल्याला आली. येथे तिचा साज आणि नावे बदलत गेली. 'एलिगंट', 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' आणि १९६४ ची 'डिलाइट' अशी नावे तिने घेतली. १९७० च्या दशकात फियाटचा करार संपल्यावर तिच्यावरून फियाटचे नाव उतरले. ती आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. चितोडच्या राणीचे नाव इटालियन बांध्याच्या गाडीवर चढले. मुंबईकरांच्या जिभेने मात्र हा बदल मानला नाही. पद्मिनीला ते शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.

कुर्ल्याबाहेरही हेच चित्र दिसते. इंग्लंडमध्ये मॉरिस गाडीच्या बिल्ल्यावर ऑक्सफर्ड गावाच्या नावाला शोभेल असा, नदीचा उतार ओलांडणारा बैल होता. त्याच मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती १९५७-५८ च्या सुमारास बंगालमध्ये उत्तरपाड्याला 'ॲम्बॅसेडर' म्हणून जन्मली, तेव्हा बैल मागेच राहिला. १९६२-६३ मध्ये तिची जाळी बदलली आणि ती 'मार्क टू' म्हणवली जाऊ लागली. त्यामुळे आधीच्या गाडीला लोक 'मार्क वन' म्हणू लागले. पहिले महायुद्ध चालू असताना त्याला कोणी 'पहिले' म्हणत नव्हते, तसेच हे. म्हणून आज एखाद्या पहिल्या ॲम्बॅसेडरवर 'मार्क वन' अशी खूण दिसली, तर कौतुकाआधी शंका घ्यावी. मद्रासची कथाही तशीच. इंग्लंडमध्ये 'ट्रायम्फ हेराल्ड' म्हणून विकली जाणारी गाडी मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासून 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बाहेर पडली. इंग्रजी पुस्तकाच्या हिशेबाने ती चुकीची. आपल्या रस्त्यांच्या हिशेबाने तीच खरी.

पारख कशी करावी?

बिल्ला खोटे बोलू शकतो हे आपण पाहिले. मग विश्वास कशावर ठेवावा? इतिहासाचे शिक्षक सांगतात, कागद एकटा वाचू नये, त्याला साक्षीदार शोधावेत. मोटारीचेही तसेच आहे. बहुतेक बिल्ल्यांच्या आणि नावांच्या पाठीला दोन-तीन बारीक खुंट्या असतात. त्या पत्र्याच्या भोकांत बसतात. भोके कारखान्यातली असतील तर त्यांच्या कडांवर आणि आतल्या बाजूसही मूळ रंग पोचलेला दिसतो. नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडी असते, गंजते, किंवा तिच्याभोवती रंग तडकलेला असतो. बिल्ला काढल्यावर खाली रंगाची जी न उन्हाळलेली सावली राहते, तिचा आकार बिल्ल्याशी जुळला पाहिजे. खाली दुसऱ्याच आकाराची सावली निघाली, तर आधी तेथे दुसरे कोणी बसत होते. काही बिल्ल्यांच्या पाठीवर भागाचा क्रमांक किंवा बनवणाऱ्याची खूण ओतलेली असते. शिवाय चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक, नोंदणीचे पुस्तक, जुन्या जाहिराती आणि लग्नसमारंभाचे जुने फोटो हे सारे साक्षीदारच.

मुलामाही बोलतो. पुन्हा मुलामा देण्यापूर्वी वस्तू बफिंगच्या चाकावर घासावी लागते. प्रत्येक घासणीत अक्षराची कड थोडी गोल होते आणि बारीक रेषा बुजतात. दोन-तीनदा मुलामा दिलेले नाव साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गुळगुळीत दिसते. उलट जे नाव काळवंडलेले आहे, पण ज्याच्या अक्षरांची धार अजून बोटाला लागते, ते अस्सल असण्याचा संभव अधिक.

मग 'मूळ' म्हणजे काय?

मराठीच्या विद्यार्थ्याला पाठभेद नवे नाहीत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले फरक पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तेथे ज्ञानदेवांनी सांगितलेला एक पाठ होता, आणि बाकीचे फरक नकलाकारांच्या हातून पडलेले होते. पुष्कळ मोटारशौकीन हीच दृष्टी गाडीला लावतात. आपल्या गाडीचा एकच शुद्ध पाठ कोठेतरी पुस्तकात आहे आणि त्याहून वेगळे ते सारे अशुद्ध, असे ते धरून चालतात.

मला वाटते, मोटारीला ग्रंथापेक्षा नाण्याची उपमा अधिक जवळची आहे. शिवछत्रपतींची तांब्याची शिवराई पाहा. तिच्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. पण नाणी गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहे की कोठे 'शिव' आहे तर कोठे 'शीव'. कोठे 'छत्रपति' तर कोठे 'छत्रपती'. म्हणून त्यांतली एक खरी आणि बाकीच्या खोट्या, असे कोणी म्हणत नाही. निरनिराळ्या कारागिरांनी ठसे कोरले, तसे फरक पडले. फरक हाच पुरावा आहे. त्यावरून ठसे किती होते याचा अंदाज बांधता येतो. मोटारीचे तसेच आहे. कारखान्याच्या दारातून ज्या साजासह ती बाहेर पडली, तो तिचा मूळ साज. पुस्तकाशी तो जुळो वा न जुळो. एकच आदर्श गाडी कधी नव्हतीच; होत्या त्या हजारो गाड्या, आणि प्रत्येक आपापल्या दिवसाची.

हा वाद आता नुसता छंदाचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि ज्याच्या चासीत, अंगात वा इंजिनात मोठे फेरफार केलेले नाहीत अशा वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळू शकते. म्हणजे 'मूळ स्वरूप' हे शब्द आता कायद्यात आले. त्यांचा अर्थ तुरीनच्या किंवा डेट्रॉइटच्या पुस्तकातून काढायचा, की कुर्ल्याच्या आणि उत्तरपाड्याच्या गाड्या पाहून ठरवायचा? जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिने आपल्या तुरीन सनदेत असे तत्त्व मांडले आहे की वाहनाच्या वापराच्या काळात त्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचाच भाग होय. आपल्याला ते तत्त्व फार उपयोगी पडेल.

कारण आपल्याकडे वस्तू वेगाने नाहीशा होत आहेत. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टॅक्सी भंगारात गेली की पत्रा किलोच्या भावाने जातो आणि नावाची अक्षरे त्याबरोबर जातात. ज्या थोड्या खाजगी गाड्या उरल्या, त्यांचे धनी त्या प्रेमाने सजवतात. पण कित्येकदा 'अस्सल इटालियन' साज शोधून आणतात, आणि कुर्ल्याला बसवलेले, थोडे ओबडधोबड वाटणारे नाव उतरवून टाकतात. त्यांना वाटते गाडी शुद्ध झाली. माझ्या मते ती परकी झाली.

परदेशातल्या कारखान्याचे बिल्ले कोणी आखले, याची नोंद पुष्कळदा सापडते. ग्रंथही लिहिले जातात. आपल्याकडे साचा कोणी कोरला, बफिंगच्या चाकाशी कोण उभा होता, कोठारातली शेवटची पेटी कोणी उघडली, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्या माणसांची नावे आता मिळणार नाहीत. त्यांच्या हाताची खूण मात्र त्या थोड्या वेगळ्या पडलेल्या अक्षरात शिल्लक आहे. ते अक्षर चुकीचे म्हणून फेकून दिले, तर त्यांच्या कामाचा शेवटचा कागद आपणच फाडला असे होईल.

म्हणून ज्यांच्या घरी, नात्यात किंवा गावच्या एखाद्या गॅरेजात अशी जुनी गाडी असेल त्यांना एवढेच सांगणे आहे : बिल्ला बदलण्यापूर्वी त्याचा पुढून आणि मागून फोटो काढावा, खुंट्यांमधले अंतर मोजून ठेवावे, आणि उतरवलेला तुकडा गाडीचा क्रमांक लिहून जपून ठेवावा. मुलामा कधीही देता येईल. घासून गेलेली धार पुन्हा आणता येणार नाही.